फोटो चांगला आला

कपडे कसे झटकायचे, हे त्या घरात नव्या सुनेला चूल दाखवायच्या आधी शिकवत. वाऱ्याकडे पाठ करायची, तोंड मिटायचं, डोळे किलकिले करायचे आणि सदरा दोन्ही खांद्यांना धरून असा हिसडायचा, की दगडाची भुकटी एका दमात खाली यावी. ती तशीच राहिली तर पाण्यात चिखल होतो आणि कापड लवकर विरतं. थोरल्या जावेने हे मधलीला शिकवलं, आणि तेव्हापासून मधली रोज सकाळी मागच्या अंगणात उभी राहून कारखान्यातले कपडे झटकत आली होती. अंगण पांढरं व्हायचं, तिचे केस पांढरे व्हायचे, मग ती डोकं पुसून चहा टाकायची. त्याही सकाळी तिने तेच केलं.

घर दगडावर अक्षरं कोरणाऱ्यांचं होतं. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या पायाचे दगड, गेलेल्या माणसांच्या नावांचे दगड, सगळं तिथे व्हायचं. घराला लागून पत्र्याचा कारखाना. थोरले दगड कापत, मधला त्यावर अक्षरं कोरत असे आणि धाकटा तयार माल गाडीतून पोचवत असे. बाप लवकर गेला, आई त्याच्याही आधी, म्हणून दोन्ही भावांना थोरल्यांनी वाढवलं. थोरल्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि त्या घरात ही नुसती म्हण नव्हती. दगड कोरडाच कापायचा हाही त्यांचाच शब्द. पाणी सोडून कापलं तर धूळ उडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण पाण्याच्या राड्यात रेघ दिसत नाही, अक्षराची धार जाते, असं ते म्हणत.

त्या धंद्यात एक खूळ बापजाद्यांपासून चालत आलं होतं. शिकणाऱ्याला पहिला कोरडा खोकला लागला, की सगळे म्हणायचे, ‘हात बसला याचा.’ मग घरातला मोठा माणूस त्याला स्वतःची एक छिन्नी द्यायचा, चारचौघांत पाठ थोपटायचा. ज्याला खोकला नाही तो कारागीर नव्हे, गिऱ्हाईक, अशी थट्टा चाले. मधल्याला फार लवकर छिन्नी मिळाली होती. लग्न होऊन आली तेव्हा मधलीनेही ती छिन्नी कौतुकाने पुसून ठेवली होती. आजाराला बढती समजणारं घर शहाण्यांचं म्हणवून घेत होतं, आणि तीही त्याच घरची झाली होती.

तरी मनात कुठेतरी धास्ती असायची. म्हणून वर्षातून एकदा तपासणीची गाडी त्या गल्लीत यायची, तेव्हा मधलीला बरं वाटायचं. गाडीत कारागिरांच्या छातीचा फोटो काढत. पुरुष जाऊन येत, थोड्या दिवसांनी कळे, आणि मधला दारातूनच सांगे, “फोटो चांगला आला गं.” त्या दिवशी ती काहीतरी गोड करी. धाकटा हसून म्हणे, फोटोत मधले दादा हसलेत का ते तरी बघा. ती त्याला टपली मारी आणि वाढतानाही त्यालाच जास्त वाढी. तो नऊ-दहा वर्षांचा असताना ती या घरात आली होती. शेजारच्या भिंतीवरून पडून त्याने हाड मोडून घेतलं, तेव्हा जुन्या चादरीची झोळी करून तिनेच त्याचा हात गळ्यात बांधला होता, आणि हाड जुळेपर्यंत त्याला भरवलं होतं. स्वतःच्या लेकराआधी तिने त्याचंच केलं.

दोन वर्षांपूर्वी मधला जिन्यात थांबायला लागला. आधी वरच्या पायरीवर, मग मधल्या पायरीवर. ती म्हणाली, दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, परवाच तर फोटो चांगला आलाय. हे ऐकल्यावर बोलायला काही उरत नसे. डॉक्टरांच्या यंत्राला जे दिसलं नाही ते मला काय दिसणार, असं म्हणून ती गप्प बसे. थोरल्यांना विचारलं तर ते म्हणत, “खोकला नव्हे तो, सवय आहे. आमच्या बाबांनाही होती.” बाबा कोणत्या वयात गेले ते मात्र ते सांगत नसत.

त्या सकाळी चहा घेऊन ती कारखान्यात गेली. मधला एका पाटीवर वाकून बसला होता. शेजारी तिची मुलगी, सोळा वर्षांची. छिन्नीखालून उडावी तशी, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. शाळेच्या आधी आणि शाळेतून आल्यावर ती बापाजवळच बसे. अक्षरं तिलाही येऊ लागली होती आणि बापापेक्षा तिचा हात हलका होता. अक्षराच्या खाचेत भुकटी बसली की कारागीर फुंकर मारून ती उडवतो. मधल्याने ओठ पुढे केले, छाती फुगवायला गेला, पण फुंकर काही निघाली नाही. नुसती शीळ वाजली. त्याने लेकीकडे बघितलं. ती सवयीने खाली वाकली आणि तिने फुंकर मारली. पांढरा ढग तिच्या तोंडावर आला, ती खोकली, हसली आणि पुन्हा वाकली.

म्हणजे हे आजचं नव्हतं. बापाची फुंकर केव्हाची संपली होती आणि लेकीची वापरात आली होती.

आणि तेवढ्यात थोरले पलीकडून उठून आले. हातावरची भुकटी झाडत ते म्हणाले, कालपासून ऐकतोय, पोरीला खोकला लागलाय. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. खिशातून त्यांनी एक छोटी, वापरून गुळगुळीत झालेली छिन्नी काढली. “धर. घरातली पहिली मुलगी, जिचा हात बसला.” ठिणगीचा चेहरा उजळला. बापाने पाठ थोपटायला हात उचलला, पण त्याला दम लागला आणि हात तसाच मांडीवर पडला.

मधलीने चहा खाली ठेवला. लेकीच्या हातातली छिन्नी घेऊन स्वतःच्या कमरेला खोचली आणि नवऱ्याला म्हणाली, “उठा. दोघांनीही उठा. दवाखान्यात जायचंय.” थोरले म्हणाले, गाडी येणारच आहे थोड्या दिवसांत. ती म्हणाली, गाडी येईल तेव्हा येईल. त्यांना उलट उत्तर देण्याची तिची ती पहिली वेळ होती.

मोठ्या दवाखान्यात बाकावर बसून वाट बघावी लागली. भिंतींना पिवळा रंग, कोपऱ्यात गळका नळ, आणि बाकावर छाती धरून बसलेली माणसं. बापलेकीचे फोटो काढून झाले. छातीची डॉक्टर एक मध्यम वयाची बाई होती, चष्मा डोक्यावर आणि बोलणं सरळ. तपासणीच्या गाडीतले जुने फोटो तिच्याकडेच जमा होत. तिने ते पडद्यावर काढले, आजचा शेजारी लावला. मग चष्मा डोळ्यांवर घेतला.

“हे जुने फोटो यांचेच आहेत ना?”

मधली म्हणाली, हो, दरवर्षी चांगले येतात.

“मग यांचं हाड कसं बदललं? जुन्या प्रत्येक फोटोत गळ्याखालचं डावं हाड लहानपणी मोडून जुळलेलं आहे. ही गाठ दिसतेय बघा. आजच्या फोटोत हाड सरळ आहे. मोडलेलं हाड जुळतं, पण न मोडल्यासारखं होत नाही.”

डॉक्टरने बोट ठेवलं त्या गाठीकडे मधली बघत राहिली. ती गाठ तिच्या हाताच्या ओळखीची होती. झोळी सोडल्यावर कितीतरी दिवस तिने त्यावर तेल चोळलं होतं, दुखतं का रे म्हणून विचारत. पडद्यावर तिचा नवरा नव्हताच. तिथे तिचा धाकटा दीर उभा होता, दरवर्षी, धडधाकट.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा तिला दुसरं कळलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दादा म्हणाला,” तो इतकंच बोलला. दम लागल्यावर पुन्हा म्हणाला, “फोटोत ठिपके निघाले तर छिन्नी सोडायला लावतात. छिन्नी सोडून मी कोण आहे?”

कोण आहे. तिचा नवरा होता, ठिणगीचा बाप होता. हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि दरवर्षी दारातून हाक मारून खोटं सांगताना जीभही अडखळली नव्हती. कुणी तिचा सुरीने गळा कापला असता तर निदान वार तरी कळला असता. इथे तिच्याच हातचं गोड खाऊन तिला फसवलं होतं. तपासणी मुळी झालीच नसती, तर जिन्यात थांबला त्याच दिवशी तिने त्याला ओढत इथे आणला असता. त्या चांगल्या आलेल्या फोटोनेच तिचं तोंड बंद केलं होतं.

डॉक्टर बाई चिडली होती, पण तिने समजावून सांगितलं. ही दगडाची धूळ आत गेली की फुफ्फुसात आधी खसखशीएवढे ठिपके पडतात. तेव्हा माणूस धावतो, जेवतो, कधी कधी खोकतसुद्धा नाही. ते फक्त फोटोत दिसतात, म्हणून तर दरवर्षी फोटो. तेव्हा माणसाला धुळीतून बाहेर काढलं, तर आजार पुष्कळदा तिथेच थांबतो, निदान सावकाश चालतो. “आता ठिपके मिळून गठ्ठे झालेत. हे मागे फिरत नाही. त्रास कमी करता येईल, श्वासाला मदत देता येईल. पण मला हे तेव्हा दाखवायला हवं होतं.”

ठिणगीचा फोटो मात्र स्वच्छ होता. खोकला घशाचा होता, धुळीने आलेला. डॉक्टर म्हणाली, हिला आजपासून त्या पत्र्याखाली पाठवायचं नाही आणि दरवर्षी माझ्याकडे आणायचं. मधलीने विचारलं, हा फोटो हिचाच आहे ना? डॉक्टरने नुसता ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याला खिडकीजवळ निजवून ती कारखान्यात गेली. थोरले होते, धाकटा गाडीची चावी ठेवत होता, थोरली जाऊ दिव्याची काच पुसत होती. मधलीने कमरेची छिन्नी काढून थोरल्यांच्या पुढ्यात दगडावर ठेवली.

“दादा, यांच्या नावाने तपासणीच्या गाडीत कोण जायचं?”

धाकट्यानेच सांगितलं, रडत, तुटक तुटक. गाडीतली माणसं दरवर्षी नवी. ती फक्त नाव पुकारतात. कारखान्यातून येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. दगडाच्या भुकटीत सगळे भाऊ सारखेच दिसतात. तो एकदा स्वतःचा फोटो काढायचा, मग सदरा बदलायचा, भुकटीचं घमेलं घेऊन तोंडाला मूठभर फासायचा आणि भावाच्या नावाने पुन्हा रांगेत लागायचा. एक छाती घरातल्या सगळ्या पुरुषांना पुरत होती.

थोरले अजून ताठ होते. “कुणाचं वाईट करायला केलं का? एकाला ठिपके निघाले की सगळ्या कारखान्याला पाणी लावून कापायला लावतात. आपली रेघ जाते. चार लोकांत नाव जातं. उद्या या पोरीला कोण करून घेईल, घरात छातीचा आजार आहे म्हटल्यावर? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मी या दोघांना बापासारखं वाढवलंय.”

“म्हणूनच सांगतेय,” मधली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “परक्याने केलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं. तुमची रेघ राहिली, दादा. माणूस चाललाय. आणि मूठ झाकली होती ना, ती आज उघडून बघितली मी. आत काही नव्हतं. मूठभर भुकटी होती.”

थोरले म्हणाले, आमच्या बाबांनी कुठे फोटो काढले होते? ती म्हणाली, “नव्हते काढले. म्हणून तुमच्या आजच्या वयाचेही झाले नाहीत.”

मग थोरल्या जावेने काच खाली ठेवली. या घरात येऊन तिची उभी हयात गेली होती आणि पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, तुमचाही फोटो याचाच?” उत्तराऐवजी थोरल्यांना खोकला आला, लांबलचक, पोटातून येणारा. त्या आवाजाचा त्यांना आजवर अभिमान वाटत आला होता. आज दोघी जावा तो मान खाली घालून ऐकत होत्या.

त्यानंतर घरात कामं चालू राहिली, बोलणं थांबलं. मधलीने नवऱ्याचं सगळं केलं. त्याला उशी लावून बसवलं, वाफ दिली, भरवलं. एकदा तो म्हणाला, मला माफ कर. ती म्हणाली, “सेवेत कमी पडायची नाही मी. बाकीचं मला जमेल तेव्हा जमेल.” असं बोलून तिचं तिलाच रडू आलं, कारण तेवढा वेळ त्याच्याजवळ नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. धाकट्याशी मात्र ती एक शब्दही बोलली नाही. तो ताटावर बसला की ती वाढायची आणि आत निघून जायची. त्याला जास्त वाढणं बंद झालं होतं. नवऱ्यावर ती रागावली होती, थोरल्यांशी भांडली होती, पण या पोराचं तिच्या जिव्हारी लागलं होतं. त्याच्या मोडलेल्या हाडावर ज्या हातांनी तिने तेल चोळलं, त्याच हाडाच्या आड तिचा संसार बुडाला होता.

मग तपासणीची गाडी आली. नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, लोखंडी पायरी खाली आली. कारखान्यांतून पांढरी माणसं निघाली. शेजारच्या कारखान्याच्या दारात दोघे जण घमेल्यापाशी कुजबुजत होते. मधलीने ते पाहिलं, आणि हे खूळ आपल्याच घरापुरतं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं. तिने हातातली पाण्याची बादली त्या घमेल्यात ओतली. भुकटीचा राडा झाला. ते दोघे बघत राहिले. “वहिनी, काय करताय?” एकाने विचारलं. ती म्हणाली, “तोंड धुवा आणि आपापल्या छातीने जा. घरी बायका गोड करून वाट बघत असतात.”

मग ती स्वतः रांगेत पहिली उभी राहिली. पायरीवरच्या माणसाने तिला अडवलं. ही तपासणी कारागिरांची आहे म्हणाला, बायकांची नाही. तुम्ही कारखान्यात काय काम करता?

“कपडे झटकते,” ती म्हणाली. “रोज. तीन माणसांचे. इतकी वर्षं झाली.”

तो माणूस तरुण होता. त्याने तिच्या केसांकडे पाहिलं. आजही सकाळचं झटकणं झालं होतं. त्याने आत विचारलं, आतून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तो बाजूला सरकला. आत यंत्राचा थंडगार पाट छातीला लागला. “श्वास आत घ्या. धरून ठेवा.” तिने धरला. तो पूर्ण आत जातो की नाही, हे तिने आजवर कधी तपासून पाहिलं नव्हतं. बाहेरून थोरल्यांचा खोकला ऐकू येत होता. ते रांगेत नव्हते, पण पत्र्याच्या दारापर्यंत आले होते. “सोडा.” तिने सोडला. जाता जाता ती त्या माणसाला म्हणाली, फोटो तपासताना हाडं बघत जा, माणसं बदलतात.

पायरी उतरताना तिला रांग दिसली. तिच्यामागे थोरली जाऊ होती, पदराने तोंड पुसत. तिच्यामागे ठिणगी, तुला दवाखान्यात दाखवलंय असं सांगूनही हट्टाने उभी. मग शेजारचे ते दोघे, ओल्या तोंडाचे. आणि सगळ्यांच्या शेवटी धाकटा. त्याने नळाखाली डोकं धरलेलं असणार, केसांतून पाणी गळत होतं. भुवया काळ्या होत्या, पापण्या काळ्या होत्या. तो त्याच्या भावांसारखा मुळीच दिसत नव्हता.

एकेक जण आत जाऊन आला. मधली पायरीच्या कठड्याला धरून उभीच राहिली. धाकट्याची पाळी आली तेव्हा तो पायरीपाशी थांबला. ती बाजूला झाली नाही. तिने त्याच्या गळ्याखालच्या गाठीकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“या वेळी कुणाचा?”

“माझा, वहिनी,” तो म्हणाला. “माझा एकट्याचा.”

“जा मग,” ती म्हणाली, आणि पायरीवरून बाजूला झाली.